चाक करण्याआधी भोके मोजा

(परळ येथे भरलेल्या चाकरमानी शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे आणि शेवटचे कार्ड उतरवून घ्यावे.)



आजचा विषय अगदी लहान आहे. पॉवर टिलरच्या चाकाला हबावर बसवण्यासाठी चार, पाच किंवा सहा भोके असतात. ती कशी मोजायची, एवढेच सांगायचे आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी बैठक कशाला, असे कोणाला वाटेल. पण या भोकांच्या मोजमापात एक मिलिमीटरची गफलत झाली म्हणून चिखलणीचे आठ दिवस गेलेली घरे आपल्यात आहेत. भातशेतीत आठ दिवस म्हणजे काय, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही. रोप वाफ्यात म्हातारे होते, पाऊस उघडतो, आणि लावणीला ठरवलेली माणसे दुसऱ्याच्या शेतावर निघून जातात.

मुंबईत, तेही परळमध्ये, हा विषय का? आमच्या मते तो इथेच निघायला हवा. लालबाग, परळ, गिरगाव, दादर इथल्या चाळींत राहणाऱ्या अनेक कोकणी घरांची शेती गावी आहे. शेती बघते घरची बाई किंवा म्हातारे आईवडील. यंत्र बिघडले की फोन येतो मुंबईला, आणि सुटा भाग शोधायचा मुंबईत. माल इकडे आणि यंत्र तिकडे. मध्ये तीन-चारशे किलोमीटरचा रस्ता. अशा वेळी गावाहून आलेला आकडा बरोबर असेल तर काम एका फेरीत होते. तो चूक असेल तर चाक गावी पोचल्यावर कळते की भोके जुळत नाहीत.

आता आम्ही कोण ते सांगतो. आमच्यातले जुने लोक गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यात फिटर आणि टर्नर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कितीजण गिरणीत परत गेले आणि कितीजणांनी गावची वाट धरली, हे लालबागला वेगळे सांगायला नको. ज्यांच्या हातात लेथ होती त्यांच्यातल्या काहींनी गाळे धरले, काही गावी जाऊन वेल्डिंग करू लागले. आमच्यातले तरुण हे त्यांचेच मुलगे आणि पुतणे. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि ऑफिसे आहेत, गाळेही कमी झाले. पण मोजण्याची विद्या जमिनीबरोबर विकली जात नाही.

ही विद्या गिरणीत कशी आली तेही ऐका. जुन्या गिरण्यांतली कित्येक यंत्रे लँकेशायरची होती. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. तिकडून भाग मागवायचा तर बोटीने यायला महिने लागत, आणि तोवर साचा बंद ठेवणे परवडत नसे. मग मोडलेला भाग टेबलावर घ्यायचा, मोजायचा, नकाशा काढायचा आणि वर्कशॉपमध्येच तो करायचा. विलायतेहून येणाऱ्या भागासाठी गिरणी थांबत नव्हती. मग आपला पॉवर टिलर का थांबावा?

यंत्राची कुळकथा

कोकणातले शेत तुकड्यातुकड्यांचे. एका कुणग्यातून दुसऱ्यात जायला बांध ओलांडावा लागतो. मोठा ट्रॅक्टर तिथे वळतच नाही. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि कामाला लावायची महिनाभर, हा हिशेब मोडल्यापासून मागे चालत चालवायचे यंत्र आले. आपल्याकडे आलेले त्याचे रूप जपानच्या भातखाचरांसाठी घडले. आपल्याकडे बंगलोरच्या व्ही.एस.टी. कंपनीची स्थापना १९६७ ची. तिने जपानच्या मित्सुबिशीशी करार केला. केरळ सरकारची कॅमको १९७३ ची. तिचे यंत्र कुबोटाच्या घराण्यातले. नंतर चिनी बनावटीची यंत्रे आली, आणि आता लहान पॉवर वीडर गावोगाव दिसतात.

कंपनी देते ती रबरी चाके. मोठ्या टिलरला बहुधा ६.००-१२ मापाचा टायर असतो. चिखलात रबरी चाक घसरते, म्हणून लोखंडी पिंजरा चाक लागते. कोणाला चाकाला वजन लावायचे असते, कोणाला दोन चाकांतले अंतर वाढवायचे असते, कोणाला जुन्या गाडीचा रिम बसवायचा असतो. ही सगळी कामे घरी किंवा गावच्या वेल्डिंगवाल्याकडे होऊ शकतात. आंगल, पट्टी आणि प्लेट सगळीकडे मिळते. अडते ते फक्त मधल्या प्लेटच्या भोकांपाशी.

भोकांचे वर्तुळ

हबावरची सगळी भोके एका वर्तुळावर असतात. प्रत्येक भोकाच्या मध्यबिंदूतून जाणारे हे वर्तुळ डोळ्यांना दिसत नाही, पण सगळा खेळ त्याच्या व्यासाचा आहे. कारखान्यात याला पी.सी.डी. म्हणतात. आपण ‘भोकांचे वर्तुळ’ म्हणू.

अडचण अशी की भोकाचा मध्यबिंदू म्हणजे हवा. तिथे पट्टी टेकत नाही. म्हणून मध्यापासून मध्यापर्यंत अंदाजाने मोजू नका. दोन भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजा आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवा. दोन्ही भोके सारखी असतील तर बेरीज म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. किंवा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येते.

चार भोके असतील तर समोरासमोरची दोन घ्या. समजा आतल्या कडांमध्ये १०२ मि.मी. आहेत आणि भोक १३ चे आहे. बेरीज ११५. हेच वर्तुळ. पण मध्ये हबाचा उंचवटा असला तर पट्टी सरळ बसत नाही, वाकडी होते आणि माप जास्त दाखवते. अशा वेळी शेजारची दोन भोके मोजा. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ८१.३ आले तर त्याला १.४१४ ने गुणा. उत्तर पुन्हा ११५. दोन्ही रीतींनी एकच आकडा आला की माप पक्के समजा.

पाच भोके असली की लोक हमखास घोळ करतात, कारण समोरासमोर भोक नसते. एका भोकासमोर दोन भोकांमधली रिकामी जागा येते. इथे एक सोडून एक अशी दोन भोके मोजा आणि अंतराला १.०५ ने गुणा. शेजारची दोन मोजली तर १.७ ने गुणावे लागते. दोन्ही बरोबरच आहेत, पण पहिली रीत चांगली. कारण मोजताना एक मिलिमीटर चुकला तर पहिल्या रीतीत उत्तर एकाच मिलिमीटरने चुकते. दुसरीत पावणेदोन मिलिमीटरने. मोजताना लांबचे माप घ्यावे, जवळचे माप फक्त पडताळ्यासाठी ठेवावे.

सहा भोके असतील तर समोरासमोरचे अंतर हेच वर्तुळ. शेजारचे घेतले तर दुप्पट करा. तीन भोके असतील तर कोणत्याही दोघांतल्या अंतराला १.१५५ ने गुणा.

आणखी एक पडताळा. शेजारशेजारच्या भोकांतली सगळी अंतरे सारखी आहेत का ते पाहा. चार भोकांत दोन्ही तिरक्या सारख्या आल्या, पण बाजू कमीजास्त आल्या, तर भोके चौरसात नाहीत, आयतात आहेत. अशा हबाला वर्तुळाचा एक आकडा पुरत नाही, दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

वर्तुळाशिवाय काय मोजायचे

एक : मधले मोठे भोक. हबाचा उंचवटा त्यात बसतो. पुष्कळ यंत्रांत चाक मध्यावर राहते ते या उंचवट्यामुळेच. हे भोक सैल झाले तर सगळा भार बोल्टांवर येतो.

दोन : बोल्टाची जाडी आणि आटे. आपल्याकडे जुनी सवय सुताची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘चार सुती बोल्ट’ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मि.मी. टिलरवर बहुधा मिलिमीटरचे बोल्ट असतात, उदाहरणार्थ १२ मि.मी. दोघांत फरक पाऊण मिलिमीटरचा, डोळ्याला दिसत नाही. आट्यांतही फरक आहे. इंग्रजी व्हिटवर्थ पद्धत १८४१ पासूनची; तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा, मिलिमीटरच्या बोल्टात ६० अंशांचा. जुन्या डब्यातला चार सुती नट १२ च्या बोल्टावर सैल का होईना बसतो, आणि भार आला की आटे खाऊन निघतो. १२ च्या बोल्टातही जाडे आटे १.७५ चे, बारीक १.५ किंवा १.२५ चे. पाना कितीचा लागला यावरून बोल्ट ठरवू नका. पाना डोक्याचे माप सांगतो, आट्याचे नाही. पीच गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा आणि दहाने भागा.

तीन : नटाची बैठक. नट खाली सपाट आहे, निमुळता आहे की गोल, ते पाहा. निमुळत्या नटाला प्लेटमधले भोकही तसेच उतरते लागते. सपाट प्लेटवर निमुळता नट आवळला तर तो फक्त कडेवर टेकतो.

चार : चाकाची आतली खोली. चाकाच्या आतल्या कडेवर आडवी सरळ पट्टी ठेवा आणि तिथपासून हबाला टेकणाऱ्या प्लेटपर्यंत मोजा. हे माप सोडले तर नवे चाक आतल्या अंगाला यंत्राच्या अंगावर घासेल किंवा बाहेर फार जाईल. चाक जितके बाहेर तितका बेअरिंगवरचा ताण जास्त. स्पेसर टाकून रुंदी वाढवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

पाच : मूळ चाकाचा बाहेरचा व्यास, टायरमध्ये हवा असताना. पिंजरा चाक दहा टक्क्यांनी मोठे केले तर त्याच गिअरमध्ये यंत्र दहा टक्के जोरात पळते, ओढ कमी होते आणि गिअरपेटीवर भार वाढतो. शिवाय यंत्र उचलले गेल्याने रोटरीची खोली बदलते. डावे आणि उजवे चाक तर एकसारखेच हवे, नाहीतर यंत्र एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याच्या खांद्यांचा जीव जातो.

लहान वीडरच्या काही यंत्रांत भोकांची प्लेटच नसते, षट्कोनी दांडा आणि आडवी पिन असते. तिथे दांड्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंतले अंतर मोजायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे नव्हे. पिनेचे भोक दांड्याच्या टोकापासून किती अंतरावर आहे, तेही लिहायचे.

‘बसले’ म्हणजे ‘जुळले’ नव्हे

भंगारातल्या रिमबद्दल बोलतो, कारण ही चूक सर्रास होते. मारुती ८०० चा रिम १२ इंची, टिलरचा टायर १२ इंची, मग काम झाले असे लोक धरून चालतात. मारुती ८०० ला चार भोके, वर्तुळ ११४.३ मि.मी., म्हणजे साडेचार इंच. जुन्या जीपला पाच भोके, वर्तुळ १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. तुमच्या हबाचे वर्तुळ ११५ निघाले तर ११४.३ चा रिम बोल्टांवर चढेल. भोकाला थोडी ढिलाई असतेच. पण चढला म्हणजे जुळला नव्हे. प्रत्येक नट थोडा एका बाजूला ओढला जातो, बोल्ट तिरपा होतो, दोन दिवसांत चाक सैल पडते, आणि मग एकेक बोल्ट तुटायला लागतो. रिमची रुंदी आणि खोलीही वेगळी असू शकते. रिम भंगारातून घ्यायला आमची हरकत नाही. आधी मोजा, मग पैसे द्या.

गेल्या पावसाआधी एका गावात असेच झाले. बाहेरच्या एका कारागिराने पिंजरा चाकाची भोके जुन्या चाकाकडे नुसते बघून पाडली. भोके जुळेनात, तेव्हा गॅसने कापून ती लांबट केली. चाक चढले. चिखलात तिसऱ्या दिवशी दोन बोल्ट तुटले, बाकीच्या दोनांवर चाक फिरत राहिले, आणि हबाच्या भोकांचे आटे गेले. चाक बिघडले असते तर काहीशांत भागले असते. हब गेले म्हणून हजारांत गेले. यंत्र चालवणारी बाई बांधावर एकटी होती. तिचा पाय चाकाखाली आला नाही, हे नशीब. लांबट भोक हे भोक नव्हे. प्लेट चुकली तर टाकून द्या आणि नवी कापा. प्लेट स्वस्त असते.

करायचे कसे

यंत्र सपाट जागी घ्या, इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या. खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय चाक काढू नका. दुसऱ्या चाकाला उटी द्या. नुसत्या जॅकवर किंवा माणसाच्या हातावर यंत्र पेलून हात आत घालायचा नाही.

हबावरचा चिखल आणि गंज घासून काढा. हबाच्या तोंडाला हलके ग्रीस लावा, त्यावर जाड पुठ्ठा दाबा. भोकांचे ठसे उमटतात. हा साचा भोकांची संख्या आणि जागा दाखवण्यासाठी ठेवा. पुठ्ठा पावसाळी हवेत फुगतो, उन्हात आकसतो. म्हणून त्यावरून थेट भोके पाडायची नाहीत. मोजलेला आकडा त्याच्यावर लिहायचा आणि काम आकड्यावरून करायचे.

मोबाइलवर फोटो पाठवण्याची रीत आता पडली आहे. फोटो जरूर पाठवा, पण फोटोत माप नसते. कॅमेरा जरा तिरका झाला की गोल भोक अंड्यासारखे दिसते. शेजारी फुटपट्टी ठेवली तरी ती हबापेक्षा पुढे असेल तर फसवते. फोटो ओळख पटवण्यासाठी आणि आकडा काम करण्यासाठी.

वर्कशॉपमध्ये आधी प्लेटचा मध्य पंचाने नक्की करा, डिव्हायडरने वर्तुळ काढा, मग भोकांच्या जागा पाडा. सहा भोकांना डिव्हायडर वर्तुळाच्या त्रिज्येएवढाच उघडायचा. चारांना व्यासाच्या ०.७०७ पट, पाचांना ०.५८८ पट. फिरून पहिल्या खुणेवर अचूक आला तरच पंच मारायचा. १२ च्या बोल्टाला १३ किंवा फार तर साडेतेराचे भोक. आधी लहान ड्रिल, मग मोठे. प्लेट हबावर लावून बघा, आणि मगच कडे वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकते, म्हणून शेवटी ती सपाट आहे का ते पुन्हा पाहा. टेकायच्या जागी रंगाचा थर नको. चाकाचा भार खरे तर दोन प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबल्याने पेलतो. मध्ये रंग किंवा चिखल राहिला की तो दबतो आणि नट सैल पडतात.

बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ आकडा बघा. आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून मग तुटणार; दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जाणार नाही. बिनआकड्याचा मऊ बोल्ट दिसायला तसाच आणि ताकदीला निम्मा असू शकतो. नट समोरासमोर आवळा, फिरत्या क्रमाने नव्हे. तासभर काम झाल्यावर पुन्हा आवळा. पिंजरा चाके लावून डांबरी रस्त्याने जाऊ नका. हादरे थेट हबाला बसतात.

बोल्ट, टॅप, डाय, बेअरिंग यांसाठी नागदेवी स्ट्रीट आहे; गिरगावातून पायीही जाता येते. प्लेट आणि पट्टीचे जुने लोखंड दारूखान्याला. तिथे गेल्यावर ‘टिलरचा बोल्ट द्या’ म्हणू नका. दुकानदाराने तुमचा टिलर पाहिलेला नाही. ‘बारा बाय दीड, लांबी चाळीस, ८.८’ असे सांगा. आकडा सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणी भलते गळ्यात मारत नाही.

आमची मागणी

आमची मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. प्रत्येक यंत्राचे एक कार्ड करा. एक प्रत यंत्राच्या कागदांत, एक मुंबईतल्या खोलीवर, एक तालुक्याच्या वहीत. एकाच नावाच्या यंत्रातही वर्षागणिक फरक असू शकतो, म्हणून शेजाऱ्याचे कार्ड उतरवून घेऊ नका. आपले यंत्र मोजा. तालुक्याची वही भरली की कोणाचे जादा चाक कोणाच्या यंत्राला चालेल, हे बसल्या जागी कळेल. अडलेल्या दिवशी शेजारच्या गावाहून चाक आणता येईल. दहा प्लेटा एकदम कापून घेतल्या तर एकेकीला खर्चही कमी येईल.

आणि हे मोजमाप घरातल्या बाईला शिकवा. यंत्राजवळ ती असते. एक व्हर्नियर घरात हवा, आणि तो तिच्या हातात हवा.

कार्डावर लिहायचे ते असे : यंत्राचे नाव आणि साल. भोके किती. भोकाचा व्यास. दोन भोकांतले मोजलेले अंतर, आणि ती भोके शेजारची, एक सोडून एक की समोरासमोरची. त्यावरून काढलेले वर्तुळ. मधले भोक. बोल्टाची जाडी, आट्याचे अंतर, लांबी. नटाची बैठक. चाकाची आतली खोली. चाकाचा बाहेरचा व्यास. मोजणाऱ्याचे नाव आणि तारीख.

मृगाआधी ही कार्डे भरा. पाऊस सुरू झाल्यावर मोजायला वेळ मिळत नाही, आणि अंदाजाने केलेले चाक चिखलात टिकत नाही.